नागापूरचे तिखट कान

मी आवाजावर पीएच.डी. करते असं सांगितलं की लोक दोनच गोष्टी बोलतात. एक, "म्हणजे गाणं शिकतेस का?" आणि दोन, "मग त्या लग्नातल्या डीजेचं काहीतरी कर बाई." मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. लोखंडावर लोखंड आपटलं की होणारा आवाज कुठून निघतो, कुठून बाहेर फुटतो आणि त्याला अडवायचं कसं, एवढाच माझा विषय. गेली तीन वर्षं मुंबईच्या प्रयोगशाळेत मी असा आवाज कोंडून ठेवणारी एक पेटी बनवते आहे. मशीनला ती बाहेरून बसवायची. पण खऱ्या कारखान्यात ती बसवून बघायची, तर आधी तिथला आवाज मोजायला हवा आणि तिथल्या माणसांचे कान तपासायला हवेत. म्हणून या जानेवारीत मी आठवडाभर अहिल्यानगरला जाऊन आले. एसटीच्या पाटीवर नाव नवं आहे, पण कंडक्टरपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे अजून नगरच म्हणतात, तेव्हा मीही तेच म्हणणार.

या विषयाचं मूळ देवरुखला, आमच्या पडवीत आहे. तिथे बाबांची पिठाची गिरणी. मी अभ्यास केला तो गिरणीच्या घरघरीत, आणि आमच्या घरात आजही कोणी हळू बोलत नाही. बाबांना कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, मोबाईल वाजलेला ऐकू येत नाही. आईची हाक ऐकू येत नाही ही मात्र, आईच्या मते, त्यांनी स्वतःची करून घेतलेली सोय आहे. मी आजवर कितीतरी अनोळखी लोकांचे कान तपासले. बाबा एकदाही खुर्चीत बसले नाहीत. "मला काय झालंय?" असं ते इतक्या मोठ्याने विचारतात की शेजारचे उत्तर देतात.

भिंगार, बुधवार

उतरायची सोय भिंगारला रूथबाईंकडे झाली. त्या माझ्या पीएच.डी.च्या गाईड सरांच्या ओळखीच्या, निवृत्त शिक्षिका, घरी एकट्याच. घर चर्चच्या मागच्या गल्लीत. दारात पाऊल ठेवताच त्यांनी माझ्या हातातली काळी पेटी बघून "बाजा आहे का?" असं विचारलं. आत आवाज मोजायचं मीटर आहे म्हटल्यावर त्या जराशा हिरमुसल्या.

रात्रीच्या जेवणाला शेंगोळे होते. हुलग्याच्या पिठाची वेटोळी, लसणाच्या झणझणीत रश्शात शिजवलेली, आणि सोबत बाजरीची भाकरी. हुलगे म्हणजे आमचे कुळीथच. आम्ही त्याची पिठी करतो, पातळ, भातावर ओढायला. त्याच कडधान्याला घाटावर असा ताठा येतो हे मला ठाऊक नव्हतं. तीन घासांत माझं नाक वाहायला लागलं. मी भीत भीत भाताची चौकशी केली.

"भात? बरं नाहीये का तुला?" रूथबाईंनी काळजीने विचारलं. त्यांच्याकडे भात आजारी माणसासाठी करतात.

जेवणाआधी त्यांनी डोळे मिटून प्रार्थना म्हटली होती. तीत पावसापाण्याचं, छावणीतल्या जवानांचं झाल्यावर "आणि या मुलीच्या पेटीवरही तुझी कृपा असू दे" असं एक वाक्य होतं. माझ्या प्रबंधासाठी कोणी देवाकडे शब्द टाकण्याची ही पहिलीच वेळ. मी त्याचा फायदा घेऊन त्यांच्याकडे चार जाड गोधड्या मागितल्या. भिंतींना टांगायला, म्हटलं. त्यांनी कारण न विचारता काढून दिल्या.

नागापूर, गुरुवार आणि शुक्रवार

नागापूरच्या एमआयडीसीत मोठ्या कंपन्यांच्या मागे लहान लहान शॉप, म्हणजे वर्कशॉप, आहेत. त्यातलं एक माझं. गाड्यांचे पत्र्याचे सुटे भाग इथे पॉवर प्रेसवर ठोकून काढतात. वरून डाय, म्हणजे पोलादी साचा, खाली येते, पत्रा कापला जातो, पुन्हा वर. एका मशीनचा ठोका छातीत बसतो. इथे अशी मशीनं ओळीने उभी होती आणि त्यांवर अकरा ऑपरेटर होते. प्रत्येकाला कंपनीने कानात घालायचे बोळे दिले होते आणि प्रत्येकाने ते दोरीने गळ्यात अडकवले होते.

मला सगळ्यात मजा वाटली ती तिथल्या हातांच्या बोलण्याची. शॉपमध्ये कोणी ओरडत नाही. मूठ तळव्यावर आपटली की डाय बदलायची. दोन बोटं ओठांना लावून वळवली की चहा. छातीवर बोटाने खिसा काढला की साहेब आलेत. पंधरा मिनिटांत मला दहा-बारा शब्द आले आणि मी चहा मागवूनही दाखवला. हे शब्द मला शिकवले भानुदासमामांनी. ते इथले सर्वांत जुने ऑपरेटर, सगळ्यांत मोठं मशीन त्यांच्याकडे. मूळचे काष्टीचे, आठवडाभर नागापुरात खोली करून राहतात. तोंडात सदैव बडीशेप, आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे टक लावून ऐकायची सवय. इतकं मन लावून माझं बोलणं आजवर कोणी ऐकलेलं नाही, असं मला वाटून गेलं.

कान तपासायचे ते सकाळी, मशीन सुरू व्हायच्या आधी. कारण आवाजातून नुकताच बाहेर आलेला कान थकलेला असतो. कँटीनच्या मागची सामानाची खोली मिळाली. भिंतींना गोधड्या टांगल्या. माणसाच्या कानांवर हेडफोन, हातात एक बटण. मी लॅपटॉपवरून कधी जाड, कधी बारीक आवाज सोडायचे. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. खोली एवढीशी, की माझी आणि त्याची खुर्ची समोरासमोर मांडावी लागली. तसंही आलेल्या माणसाला पाठ करून बसवायचं मला बरं वाटलं नसतं.

पहिल्या सकाळी सहा जण झाले, दुसऱ्या सकाळी पाच. आणि निकाल बघून मी थक्क झाले. वीस-वीस वर्षं प्रेसवर काढलेली माणसं, आणि कान शाळकरी मुलांचे! मुंगी चालली तर ऐकू यावी असे. त्यातही भानुदासमामा पहिले.

मी सरांना फोन केला. सर म्हणाले, "तुझं मशीन तपास."

तपासलं. मशीन बरोबर होतं. मग माझं डोकं भलतीकडेच सुटलं. इथली हवा कोरडी आहे म्हणून असेल का? की हे लोक आठवड्यातून एकदा गावी, उघड्या रानात जातात, तिथे कान सावरत असतील? शुक्रवारी संध्याकाळी मी रूथबाईंसमोर हे सगळं मांडलं. त्यांनी भाकरी थापता थापता ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाजरी खातात म्हणून." मी तेसुद्धा वहीत लिहून ठेवलं.

काष्टी, शनिवार

शनिवारी शॉपला सुट्टी आणि काष्टीला बाजार. मामांना भावासाठी गाय बघायची होती. "चला मॅडम, तुमाला आमचा आवाज दावतो," म्हणाले. दौंड गाडीने निघालो. दोन्ही बाजूंना ऊस आणि त्याच्या पलीकडे बोडके माळ. पाण्याच्या नळीसोबत रंग बदलणारी ही जमीन मला कोकणी डोळ्यांनी मोठी गमतीची वाटली. आमच्याकडे हिरवं असतं ते सगळीकडेच असतं, त्यात कोणाचं कर्तृत्व नसतं. रस्त्यात उसाचे ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या आणि छपरावर कर्णे. प्रत्येक ट्रॅक्टरचं गाणं वेगळं, आणि ओलांडून जाताना प्रत्येकाचा सूर थोडा उतरतो. हे मी वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवते. इथे फुकटात ऐकलं.

जनावरांच्या बाजारात मी मीटर बाहेर काढलं. माईकवर वारा लागू नये म्हणून काळ्या स्पंजचा गोळा असतो. मी हंबरण्याचं रेकॉर्डिंग करण्यात गुंग असताना एका शेळीने तो गोळा उपटला आणि शांतपणे चघळायला घेतला. शेळीवाल्या बाईंनी तिच्या तोंडातून अर्धा परत काढून दिला आणि वर मलाच दटावलं, "खायला घालायच्या आधी इचारायचं तरी!"

पण खरी बघण्यासारखी गोष्ट पुढे होती. गाईचा सौदा इथे बोलून होत नाही. घेणारा आणि देणारा एकमेकांचा हात धरतात, वर टॉवेल टाकतात, आणि टॉवेलखाली बोटं दाबून भाव सांगतात. चारी बाजूंना गलका, आणि मधे ही दोन माणसं अगदी गप्प, चेहऱ्यावर काही नाही, फक्त टॉवेल हलतोय. बाजूला उभ्या असलेल्यांना पत्ता लागत नाही. मामा यातले पटाईत. भावाची गाय तर झालीच, पण आणखी दोघांनी त्यांना मधे पडायला बोलावून नेलं. त्या तासाभरात मामांचा चेहरा शॉपमधल्यापेक्षा कितीतरी मोकळा होता.

आम्ही भेळ खायला निघालो. मामा दोन पावलं पुढे. मागून एक पिकअप रिव्हर्स येत होती. रिव्हर्स घेताना वाजते तशी बारीक, चिरकी धून तिच्यातून चालू होती. लोक बाजूला झाले. मामा चालत राहिले. कोणीतरी ओरडलं, मी ओरडले. ते चालतच राहिले. मी धावत जाऊन बाही धरून त्यांना ओढलं आणि आम्ही दोघं कडब्याच्या ढिगावर जाऊन पडलो. गाडी त्यांच्या चपलेवरून गेली. त्या वेळी ती पायात नव्हती, एवढंच नशीब.

मामांनी चप्पल झटकून पायात घातली. भेळवाल्याच्या बाकड्यावर बसलो. भेळ आल्यावर मी त्यांच्या समोर जाऊन विचारलं, "मामा, ती धून ऐकू नाही आली?"

"कोनती धून?"

"मग तपासणीतला माझा तो बारीक आवाज कसा ऐकू आला? सगळ्यांत बारीक तोच होता."

मामा भेळेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्यो बी न्हाई आला. मॅडम, तुमी आवाज सोडला का खालचा ओठ दाताखाली धरता. आन सोडून झाला का भुवया वर करता. पैला लंबर माजाच हुता. भाईर येताना पुढच्याला सांगितलं, त्यानं त्याच्या पुढच्याला."

मला राग आला. खरं सांगते, त्यांच्या कानांची काळजी नंतर वाटली. आधी माझ्या अकरा आलेखांची वाटली. "असं का केलंत?" मी जरा चढ्या आवाजात विचारलं. चढ्या आवाजाचं त्यांना काहीच वाटलं नाही.

"आमच्यातला एक जन दुसऱ्या कंपनीत हुता. त्याचं कान तपासलं आन दुसऱ्या आठवड्यात त्याला पॅकिंगला बसावलं. खोकी चिकटावतो आता. मला प्रेसवर बावीस वर्सं झाली, दोन राह्यली. मशीनवरनं जायचं तर रिटायर हून जायचं. असं कान धरून उठावल्यावानी न्हाई."

परतीच्या गाडीत मी चेहऱ्यावरचं काहीही हलू न देता बसायचा प्रयत्न करून पाहिला. जमत नाही.

भिंगार, रविवार

रूथबाईंबरोबर चर्चला गेले. तबला आणि पेटीवर मराठी भजनं, आणि ती इतकी खणखणीत की माझं मीटर आपोआप पिशवीतून बाहेर यायला लागलं. रूथबाईंनी डोळे वटारले, मग आत ठेवलं.

घरी येताना त्यांना काष्टीची हकीकत सांगितली. मला वाटलं होतं, शिक्षिका आहेत, कॉपी म्हटल्यावर चिडतील. त्या म्हणाल्या, "मुलं कॉपी का करतात माहीत आहे? नापास झाल्यावर घरी काय होणार ते त्यांना ठाऊक असतं म्हणून. तू हा पेपर कोणाला दाखवणार आहेस?"

मी चालता चालता थांबले. कारण पहिल्याच दिवशी चहा पिताना शॉपचे मालक म्हणाले होते, "आम्हालाही रिपोर्टची एक कॉपी द्या हं," आणि मी भिडेपोटी "देईन की" म्हणून बसले होते. आणि त्याच सकाळी अकरा जणांकडून मी ज्या कागदावर सह्या घेतल्या होत्या, त्यावर 'निकाल तुमच्याशिवाय कोणालाही दिला जाणार नाही' असं लिहिलेलं होतं. तो मजकूर मीच टाइप केला होता. त्यांनी कागद न वाचता सही केली आणि माझा चेहरा वाचला, यात चूक त्यांची म्हणावी असं मला वाटेना.

नागापूर, सोमवार

मालक मनाने वाईट नाहीत. मी केबिनमध्ये जाऊन म्हटलं, "साहेब, झालेली तपासणी रद्द करावी लागेल. मी समोर बसले, ती माझी चूक."

"मग पुन्हा करा. त्यात काय एवढं."

"करते. पण कोणाचा कान कसा आहे, ते नावानिशी तुम्हाला देता येणार नाही."

"तुम्ही तर देते म्हणालात."

"म्हणाले. म्हणायला नको होतं."

त्यांनी कप बाजूला सरकवला. "मॅडम, उद्या कोणी ओरडलं आणि ऑपरेटरला ऐकू आलं नाही, हात गेला आत, तर जबाबदार कोण? मी. मग मला माहीत असायला नको?"

हा प्रश्न खोटा नव्हता. कडब्यावर पडल्यापासून तो माझ्याही डोक्यात होता. मी म्हटलं, "सगळ्यांनाच कमी ऐकू येतं असं धरून चाला. ओरडण्याऐवजी प्रत्येक मशीनला लाल दिवा लावा. आणि आवाज कमी करा. त्यासाठीच तर माझी पेटी आहे."

"दिव्याचं बघतो," ते म्हणाले. "पण मला रिपोर्ट मिळणार नसेल तर तुमची पेटी राहू द्या मुंबईलाच. मी माझं मशीन कशाला अडकवून ठेवू? खोली उद्या सकाळपर्यंत वापरा."

म्हणजे तीन वर्षांच्या कामाला जे शॉप मोठ्या मिनतवारीने मिळालं होतं, ते दहा मिनिटांत गेलं. मला रडूच फुटलं असतं, पण केबिनला काच होती आणि बाहेर चेहरे वाचणारी अकरा माणसं होती.

जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे उघडून गोल बसले होते. मी मधे उभी राहिले आणि आधीचे निकाल त्यांच्यासमोर फाडले. सांगितलं की यातलं काहीही साहेबांना दिलेलं नाही आणि देणार नाही. ज्याला आपला कान खरंच कसा आहे हे जाणून घ्यायचं असेल, त्याने उद्या सकाळी यावं. कागद त्याच्याच हातात देईन. एकाने सरकून जागा केली आणि ठेचा पुढे केला. मी बसले आणि जेवले, पण कोणी येईल असं मला वाटलं नाही.

नागापूर, मंगळवार

सकाळी लवकर जाऊन दार उघडून बसले. दुपारची मुंबई गाडी होती. अर्धा तास गेला. पलीकडे लोकांचे हजेरीचं कार्ड पंच करण्याचे आवाज येत होते, पावलं दारावरून पुढे जात होती. मी गोधड्या काढायला उठले तर दारात भानुदासमामा.

"एकदा कळू तर द्या, किती ग्येलं ते," ते म्हणाले. आणि मी काही सांगायच्या आत त्यांनी खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली.

जाड आवाज त्यांनी बरे ओळखले. बोटाची हालचाल चटकन होत होती, मधेच ते स्वतःशी मान डोलावत होते. मधले आवाज जरा वाढवावे लागले. मग मी त्या बारीक शिट्टीसारख्या आवाजावर आले. माणसाच्या बोलण्यातले स, श, फ याच उंचीवर राहतात. सोडला. मामांचा अंगठा हलला नाही. वाढवला. नाही. आणखी वाढवला. आणखी. आता तो हेडफोनच्या कडांमधून बाहेर गळायला लागला होता आणि दोन हात लांब बसलेल्या मला उघड्या कानांनी स्वच्छ ऐकू येत होता. मामा ताठ बसले होते, अंगठा बटणावर, मान किंचित कललेली. खोलीत ती शिट्टी वाजत होती आणि ते मन लावून तिची वाट बघत होते.

थोड्या वेळाने त्यांनी मागे न वळता, मला धीर द्यावा तसं म्हटलं, "लावा की मॅडम आता. मी तयार हाय."